पडदा लहान, अक्षर मोठे

गेल्या पावसाळ्यात शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला मी अण्णांचा मोबाईल घेऊन बसले. मुदत संपायला दोन दिवस उरलेले. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, तेव्हा विचारणार कोणाला? फोन जुना, पडदा लहान. त्यात अण्णांची नजर अधू म्हणून अक्षरे मोठी करून ठेवलेली. पहिले पान भरले, पण 'पुढे' हे बटण काही केल्या दिसेना! मैत्रिणीच्या मोठ्या फोनवर मात्र त्याच अ‍ॅपमध्ये ते ठळक दिसत होते. पॉलिटेक्निकला शिकणाऱ्या मावसभावाने मग मला यामागचे इंगित उलगडून सांगितले.

आपल्याला वाटते, लहान पडद्यावर सारे आक्रसून दाखविले की झाले. फोटोला ते चालते. पण बटण आक्रसले तरी आपले बोट थोडेच आक्रसते? पडदा म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी. २००७ च्या पहिल्या आयफोनवर ३२० बाय ४८० ठिपके होते. २०१० च्या आयफोन ४ चा पडदा तेवढाच, ठिपके मात्र आडवे-उभे दुप्पट. ठिपके मोजून बटण आखले असते तर ते निम्मे झाले असते! म्हणून ठिपक्यांऐवजी एक मानीव माप वापरतात. अँड्रॉइडमध्ये इंचात १६० ठिपके असतील तर एक माप म्हणजे एक ठिपका, ३२० असतील तर दोन. बटणाची जागा निदान ४८ मापे, म्हणजे सुमारे साडेसात मिलिमीटर ठेवावी, असा तेथे दंडक आहे.

पण आकाराचे काय? लग्नाची पंगत आठवा. अंगण लहान म्हणून कोणी ताटे लहान करीत नाही. ओळी कमी मांडतात आणि उरलेल्यांसाठी दुसरी पंगत उठवितात. चांगले अ‍ॅपही असेच वागते. त्याला जागा नव्हे, नियम सांगितलेले असतात : बटण खालच्या कडेला धर, मधली जागा मजकुराला दे, मावला नाही तर पान सरकू दे. रुंदी ६०० मापांच्या पुढे गेली की डावीकडे पत्रांची यादी आणि उजवीकडे उघडलेले पत्र, असे दोन रकाने करता येतात. अलीकडे तर घडीचे फोनही निघाले. घडी उलगडली की हे सारे डोळ्यांदेखत बदलावे लागते. २०१७ च्या आयफोन एक्सने कॅमेऱ्यासाठी पडद्याला वरून खाच पाडली, तेव्हा त्या खाचेखाली मजकूर जाऊ नये, हाही एक नियम वाढला.

आमच्या अर्जाचे घोडे अडले ते अक्षरांपाशी. वाचणाऱ्याने अक्षर मोठे केले की मजकूर फुगतो. पण त्या अ‍ॅपच्या कर्त्याने पान सरकण्याची सोयच ठेवली नव्हती. बहुधा त्याने ते स्वतःच्याच फोनवर पाहिले असावे. त्यातून आपली देवनागरी! वर वेलांटी, खाली उकार. इंग्रजी अक्षरांच्या उंचीने ओळ आखली तर मात्रा छाटल्या जातात. आणि 'सबमिट'च्या जागी 'अर्ज सादर करा' लिहायचे तर बटण लांबवावे लागते.

अखेर अक्षरे लहान केली, बटण वर आले, अर्ज गेला. फोन परत देताना ती पुन्हा मोठी करायची मात्र मी विसरले. रात्री अण्णा चष्मा पुसत म्हणाले, "आज समद्यांनी बारीक अक्षरात का लिवलंय गं?"