घर्षण कशावर ठरते?

लाकडी ठोकळा टेबलावर रुंद बाजूने ठेवून ओढला काय किंवा अरुंद बाजूने, स्प्रिंगचा काटा जवळपास तोच आकडा दाखवतो. ‘जास्त भाग टेकला की घर्षण जास्त’ हा घर्षणाबद्दलचा सर्वांत चिवट गैरसमज असा वर्गातच खोटा ठरवता येतो. गियोम आमाँताँ या फ्रेंच संशोधकाने १६९९ मध्ये हा निष्कर्ष पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडला, तेव्हा तिथल्या विद्वानांनाही तो चटकन पटला नव्हता.

घर्षण ठरते ते दोन्ही पृष्ठभाग कशाचे आहेत आणि एकमेकांवर किती जोराने दाबले जातात यावर. १० न्यूटन वजनाचा ठोकळा एकसारख्या वेगाने ओढायला ४ न्यूटन बल लागत असेल, तर त्यावर आणखी १० न्यूटनचे वजन ठेवल्यावर साधारण ८ न्यूटन लागते. बल आणि भार यांचे हे गुणोत्तर, इथे ०.४, म्हणजेच घर्षण गुणांक.

क्षेत्रफळाचा परिणाम का दिसत नाही, याचा उलगडा व्हायला विसावे शतक उजाडावे लागले. फ्रँक बोडन आणि डेव्हिड टेबर यांनी केंब्रिजमध्ये दाखवून दिले की सपाट दिसणारे पृष्ठभाग प्रत्यक्षात मोजक्या सूक्ष्म उंचवट्यांवरच टेकतात. मऊ पोलादावर १० न्यूटन भार असेल, तर खऱ्या स्पर्शाचे क्षेत्र चौरस मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास भरते, मग ठोकळा केवढाही असो. भार वाढला की उंचवटे चेपतात आणि खरा स्पर्श त्याच प्रमाणात वाढतो. ठोकळा अरुंद बाजूवर उभा केला, तर भार कमी जागेत एकवटतो, पण खऱ्या स्पर्शाची बेरीज तीच राहते.

‘गुळगुळीत म्हणजे घर्षण कमी’ हेही अर्धेच खरे. खडबडीत लाकूड सँडपेपरने घासले तर ते सहज सरकू लागते, हे बरोबर. पण टूलरूममधले आरशासारखे घासलेले स्लिप गेज (मापाचे ठोकळे) एकमेकांवर दाबून सरकवले की असे चिकटतात की ओढून सुटत नाहीत. निर्वात जागेत तर स्वच्छ धातू थेट जोडलेच जातात. कॅरमचा स्ट्रायकर सुसाट जातो तो नुसत्या पॉलिशमुळे नव्हे. बोरिक पावडर त्याला बोर्डाशी थेट भिडू देत नाही.

घर्षण म्हणजे दरवेळी गुणांक गुणिले भार, हे सूत्रही सरसकट लावता येत नाही. काटा सावकाश ओढत गेल्यास १, २, ३ न्यूटनला ठोकळा जागचा हलत नाही. तेव्हाचे, म्हणजे स्थितिक, घर्षण लावलेल्या बलाइतकेच असते. ठोकळा सुटताना ते कमाल मर्यादा गाठते आणि लगेच आकडा खाली येतो. प्रयोगातला सर्वांत बोलका क्षण हाच, आणि घाईने ओढले तर नेमका तोच निसटतो.

घर्षण नेहमी गतीच्या विरुद्ध असते, असेही नाही. ते विरोध करते एका पृष्ठभागाच्या दुसऱ्यावरून सरकण्याला. चालताना पाऊल जमिनीला मागे रेटते, म्हणून घर्षण माणसाला पुढे ढकलते.

रबर मात्र घर्षण भाराच्या प्रमाणात असते हा आमाँताँचा नियम पुरता पाळत नाही. भार वाढला तरी त्याचे घर्षण त्याच प्रमाणात वाढत नाही, आणि गुणांक कधी १ च्याही वर जातो. गुणांक १ पेक्षा जास्त असूच शकत नाही, या समजाला त्यामुळे आधार उरत नाही. टायरची नक्षीही कोरड्या रस्त्यावरच्या पकडीसाठी नसते. तिचे काम पावसात चाकाखालचे पाणी बाहेर काढणे. कोरड्या ट्रॅकवर रेसिंगच्या मोटारींना बिननक्षीचे टायर बसवतात.