नोंद झाली म्हणजे तोड आली नव्हे
(आठवीच्या शिष्यवृत्तीचे गुण कसे धरतात)



या पानावर मी नेहमी बेणे, खत आणि पाचट यांवर लिहितो. आज विषय जरा वेगळा आहे. खोडव्याची पाहणी करीत असता एका सभासदाने बांधावर बसवून घेतले आणि विचारले, "साहेब, पोराला ८६ पडले. शाळा म्हणती पास झाला. मग पैसं का न्हाई आलं?" प्रश्न रास्त होता. मी मुलाचे गुणपत्रक मागवून पाहिले.

ही परीक्षा म्हणजे 'एनएमएमएस'. केंद्र सरकारची ही योजना २००८ साली सुरू झाली. आपल्याकडे पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत आठवीत असलेल्या मुलाला बसता येते. सातवीत किमान ५५ टक्के गुण हवेत (अनुसूचित जाती-जमातीस ५०) आणि आईवडिलांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे. निवड झाली की नववी ते बारावी दरसाल १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. एकराच्या खताची सोय म्हणा ना!

आता गुणांचे वजन पाहू. पेपर दोन, प्रत्येकी ९० गुणांचे. पहिला बौद्धिक क्षमता चाचणीचा, म्हणजे संख्यामालिका, सांकेतिक भाषा, आकृत्या, नातेसंबंध. दुसरा शालेय क्षमता चाचणीचा, सातवी-आठवीच्या अभ्यासावर. त्यात विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५ आणि गणित फक्त २०. इथेच बहुतेक पालक चुकतात. आपल्या पिढीला ठाऊक असलेल्या राज्याच्या शिष्यवृत्ती परीक्षेत गणिताला ३०० पैकी १०० गुण, म्हणजे तिसरा हिस्सा. या परीक्षेत तो नववा हिस्सा आहे. तरी आम्ही पोराला गणिताच्याच शिकवणीला धाडतो.

त्या मुलाचे तेच झाले. गणितात २० पैकी २०! पण विज्ञानात १४, समाजशास्त्रात १२, आणि बुद्धिमत्तेत ९० पैकी ४०. बेरीज ८६. समजा दुसऱ्या एखाद्या मुलाला गणितात ९ च पडले, पण विज्ञान २४, समाजशास्त्र २३ आणि बुद्धिमत्ता ५५, तर त्याची बेरीज १११ होते. बुद्धिमत्तेचा पेपर एकटाच बाकीच्या तिन्ही विषयांएवढा जड आहे. माझ्या मते त्याला महागडी शिकवणी लागत नाही. जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन रोज अर्धा तास, घड्याळ लावून सोडवल्या तरी हात बसतो.

आता पास होऊनही पैसे का नाहीत? १८० पैकी ४० टक्के, म्हणजे ७२ गुण एकत्रित मिळाले की मुलगा पात्र ठरतो. अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग मुलांना ३२ टक्के, म्हणजे ५८ गुण लागतात. पण ही फक्त नोंद झाली! तोडीची चिठ्ठी गुणानुक्रमे निघते. साऱ्या राज्याचा कोटा ११,६८२ चा. तो जिल्हावार वाटला जातो, त्यात पुन्हा प्रवर्गवार जागा. ८६ वाला नोंदीत होता, पण त्याच्या जिल्ह्याची यादी त्याच्या वरच संपली.

तरी ती नोंद वाया जात नाही. मराठा, कुणबी, मराठा-कुणबी मुलगा एनएमएमएस पास झाला पण निवडयादीत आला नाही, तर 'सारथी' संस्थेची शिष्यवृत्ती आहे, नववी ते बारावी दरसाल ९,६०० रुपये. अर्ज शाळेमार्फत जातो. बांधावरच्या त्या सभासदाला हे कुणी सांगितलेच नव्हते.

निवड झालेल्यांनीही निर्धास्त राहू नये. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर पहिल्या वर्षी नवा अर्ज आणि पुढे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. ते राहिले तर यादीत नाव असूनही त्या वर्षाचे पैसे जातात. नववीत नापास होऊन चालत नाही. दहावीला ६० टक्के (अनुसूचित जाती-जमातीस ५५) पडले तरच अकरावीत ती चालू राहते. पैसे थेट मुलाच्या बँक खात्यात येतात, बापाच्या ऊसबिलाच्या खात्यात नव्हे. तेव्हा मुलाच्या नावाचे खाते आणि त्याला आधार जोडणी आधीच करून ठेवावी.

परीक्षा साधारण डिसेंबरात असते, म्हणजे ऐन गाळपात. उत्पन्नाचा दाखला मात्र पावसाळ्यातच, तहसील कचेरीत गर्दी नसताना काढून मुख्याध्यापकांकडे द्यावा.

— ऊस विकास अधिकारी