मापाचा श्वास

माझ्या थोरल्या भावाला न्यूमोनिया झाला आणि व्हेंटिलेटर लावावा लागला. अतिदक्षता विभागाच्या काचेतून वहिनींनी पाहिलं, सिस्टर टेप घेऊन त्याला डोक्यापासून टाचेपर्यंत मोजत होत्या. वहिनी मटकन खाली बसल्या. ते माप कशाला, याचं उत्तर मला पुढे बऱ्याच वाचनानंतर मिळालं.

आपण हवा आत ओढतो. व्हेंटिलेटर ती दाबाने आत ढकलतो. 1952 च्या पोलिओ साथीत कोपनहेगनला भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी हा मार्ग दाखवला. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, हातांनी रबरी पिशव्या दाबून रुग्ण जगवले. पण त्या रुग्णांचे मुख्यतः स्नायू लुळे पडले होते. फुप्फुसच आजारी असलं की गोष्ट बदलते. त्याचा बराच भाग सूज आणि पाण्याने बंद पडतो आणि ढकललेली हवा उरलेल्या धड भागात शिरून तो ताणते. इटलीचे डॉ. लुचियानो गातिनोनी यांनी या उरलेल्या भागाला 'तान्हं फुप्फुस' म्हटलं. त्यात मोठ्या माणसाचा श्वास कोंबला, तर वायुकोश फाटतात, सुजतात. ती सूज रक्तावाटे इतर अवयवांपर्यंतही पोचते.

तरी अनेक वर्षं मोठे श्वास दिले गेले, कारण त्याने रक्तातला ऑक्सिजन बरा दिसे. 2000 साली अमेरिकेत 861 रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. एका गटाला किलोमागे 12 मिलिलिटर हवा, दुसऱ्याला 6. सुरुवातीच्या दिवसांत ऑक्सिजनचे आकडे मोठ्या श्वासाच्या गटात सरस होते. मृत्यू मात्र त्या गटात 39.8 टक्के, लहान श्वासाच्या गटात 31 टक्के. दिसायला बरा आकडा फसवा निघाला.

यातले किलो काट्यावरचे नव्हेत. माणूस जाड झाला म्हणून फुप्फुस वाढत नाही; ते उंचीच्या प्रमाणात असतं. 165 सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचं वजन 85 किलो भरलं, तरी हिशेबात ते सुमारे 61 किलोच धरतात. म्हणजे एका श्वासाला साधारण 370 मिलिलिटर. म्हणून टेप.

भाऊ वाचला नाही. हे सगळं वहिनींना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मला वाटलं, तिरडीचं माप घेतायत." इतकी वर्षं त्या ते मनात घेऊन होत्या. तुमचं कुणी आत असेल, तर उंची मोजली का, हे जरूर विचारा.