‘गोपनीय’ लिहिलेला लिफाफा

नांदेडच्या श्यामनगर-भाग्यनगरात ‘नीट’च्या क्लासेसची गर्दी. किनवट, हदगाव, देगलूरच्या मुली इथे खोली करून राहतात. लातूरच्या ट्यूशन एरियातही तेच. यातल्या एखादीची पाळी चुकली तर तिने जायचं कुठे, हे बघायला संपादकांनी मला धाडलं आणि मी अडकले एका कागदात.

गर्भपाताचा कायदा १९७१ चा, मोठी सुधारणा २०२१ ची. त्यातला संमतीचा कागद म्हणजे ‘फॉर्म सी’. नाव, कुणाची मुलगी किंवा पत्नी, वय, कायमचा पत्ता आणि खाली तिची सही. अठरा पूर्ण असतील तर एवढंच. नवऱ्याच्या सहीला त्यात जागाच नाही. मग हा कागद डॉक्टरांच्या मतासह लिफाफ्यात बंद होतो. वर तिचं नाव नाही. रजिस्टरातला अनुक्रमांक, डॉक्टरांचं नाव आणि ‘गोपनीय’ हा शिक्का. ऑपरेशन थिएटरच्या रजिस्टरातही नावाऐवजी तोच अनुक्रमांक. नाव फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बाईचं नाव इतक्या जिवापाड जपणारा दुसरा सरकारी कागद मी पाहिलेला नाही.

पण त्या लिफाफ्याआधी खिडकी लागते. केसपेपर काढताना मागे गावाकडचंच कुणी उभं असतं आणि ‘लग्न झालंय का? सोबत कोण?’ हे सगळ्या रांगेला ऐकू जातं. कायद्यात नसलेली नवऱ्याची सही अजूनही मागितली जाते. मग मुली मेडिकलवरून गोळ्या आणवतात. त्या नऊ आठवड्यांपर्यंतच्या आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायच्या, हे त्यांना कोण सांगणार? लपवण्यात दिवस जातात. वीस आठवड्यांनंतर दोन डॉक्टरांचं मत लागतं. अविवाहितेलाही चोवीस आठवड्यांपर्यंतचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ ला स्पष्ट केलं. अठराच्या आतल्या मुलीसाठी पालकांची लेखी संमती लागते, पोलिसांनाही कळवावं लागतं. पण तिने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांनी तिचं नाव उघड करायची गरज नाही, हेही त्याच निकालात आहे.

सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री क्लिनिक’ असतं. पाळी, गर्भनिरोधन, अंगावरून पांढरं जाणं, सगळ्यावर तिथे फुकट सल्ला मिळतो. क्लासचालकांनो, हॉस्टेल चालवणाऱ्या ताईंनो, टॉपरांच्या फोटोंशेजारी त्याचा पत्ता आणि वेळ लावा. आणि रुग्णालयांनी खिडकीवरचा तो प्रश्न आतल्या खोलीत, दार लावून विचारावा. त्याला नवा कायदा लागत नाही, पैसाही नाही.