रातांब्याचा पाक : अमृतकोकम घरीं करण्याची रीत

कोंकणांतील बागायतदारांस रातांब्याचें झाड अपरिचित नाहीं. त्याचीं फळें एप्रिलपासून जूनपर्यंत पिकतात, आणि त्यांचा हंगाम संपण्यापूर्वींच मृगाचा पाऊस येऊन ठेपतो. आमसुलें करावयाचीं तर फळाची साल वारंवार त्याच्याच रसांत भिजवून उन्हांत वाळवावी लागते. त्यास आठवडाभर चांगलें ऊन पाहिजे. आभाळ भरून आलें कीं सालींस बुरशी धरते, आणि झाडावर राहिलेलीं फळें खालीं पडून कुजतात. अशा उशिराच्या फळांचा पाक करणें हाच उत्तम मार्ग होय. कारण या कृतीस उन्हावांचून अडत नाहीं.

पूर्ण पिकलेलीं, न फुटलेलीं लाल फळें धुऊन कोरडीं करावीं. प्रत्येक फळाचे दोन भाग करून आंतील बिया व गर काढावा. मग १ किलो सालींस २ किलो साखर या प्रमाणानें चिनी मातीच्या किंवा कांचेच्या बरणींत सालींचा एक थर व साखरेचा एक थर असे थर द्यावे. सर्वांत वरचा थर साखरेचा असावा. पाणी बिलकुल घालूं नये. बरणीच्या तोंडास स्वच्छ फडकें बांधून ती घरांतच ठेवावी व आंतील मिश्रण रोज एकदां कोरड्या लांकडी डावानें ढवळावें. ७ ते ८ दिवसांत साखर विरघळून गडद तांबडा पाक सुटतो. तो गाळून, उकळत्या पाण्यांतून काढून वाळविलेल्या बाटल्यांत भरावा.

येथें साखरेचें काम केवळ गोडीचें नव्हे. ती सालींतील रस बाहेर ओढून घेते. आणि ती भरपूर असली म्हणजे रस आंबविणाऱ्या सूक्ष्म जंतूंस वाढीपुरतें पाणी मिळत नाहीं. खर्चाच्या भीतीनें साखर निम्मी केली, तर पाक थोड्याच दिवसांत फसफसूं लागतो, व वांचविलेल्या साखरेपायीं सारीं फळें वायां जातात. तसेंच हा रस फार आंबट असल्यामुळें तांब्यापितळेचीं, लोखंडाचीं किंवा ॲल्युमिनियमचीं भांडीं वापरूं नयेत.

पितेवेळीं १ भाग पाकांत ५ भाग थंड पाणी, भाजलेल्या जिऱ्याची पूड व चिमूटभर मीठ घालावें. पाक काढून उरलेल्या साली गोड असतात. त्या वाळवून मुलांस खाण्यास द्याव्या. बियाहि टाकूं नयेत. त्यांचें कोकमतेल निघतें, तें भेगाळलेल्या टांचांस लावतात.

नवीन लागवड करणारांसाठीं पावसापूर्वीं तोडणीस येणारी ‘कोकण अमृता’ ही जात दापोलीच्या कृषि विद्यापीठानें १९९७ सालीं दिली आहे. परंतु परसांतील व बांधावरील जुनीं झाडें आपल्याच वेळेस पिकणार. त्यांचें फळ मातींत जाऊं द्यावयाचें कीं बाटलींत भरावयाचें, हें ज्याचें त्यानेंच मृगापूर्वीं ठरवावें, आणि बरणी व साखर आधींच आणून ठेवावी.