सेवा करणारीचीही विचारपूस करा

अर्धांगवायूचा रुग्ण घरी आला की आपण त्याच्या खाटेभोवती जमतो. रात्री उठून त्याची कूस बदलणाऱ्या पत्नीची वा सुनेची विचारपूस मात्र राहून जाते. तिचा भारही मोजता येतो. १९८३ मध्ये बेट्सी रॉबिन्सन यांनी त्यासाठी १३ प्रश्न प्रसिद्ध केले. त्यांपैकी काही असे: झोपमोड होते का? अंगावर ताण पडतो का? पैशाची ओढाताण होते का? माणूस पार बदलला, याचे दुःख होते का? उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. ७ वा अधिक ‘हो’ आले, तर भार फार झाला असे समजावे.

आम्ही एवढेच सुचवतो: हे प्रश्न तिला रुग्णाच्या कानाआड, आस्थेने विचारा. पेरणीला आपण सावड करतो. तशीच रुग्णापाशी बसण्याचीही करू या.