सिकलच्या टक्केवारीत आई कुठे?

आई एसएस, म्हणजे सिकलसेलची रुग्ण. बाप एएस, म्हणजे वाहक. प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस निघण्याची शक्यता ५० टक्के. बापाच्या रक्तात दोष नसेल तर ती शून्य. बाळ फक्त वाहक. समुपदेशनात हे गणित हमखास सांगतात.

पण हे सगळे आकडे बाळाचे. आईचा आकडा वेगळा आहे. २०१५ साली जगभरातले अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा एसएस गरोदर महिलांमधला मृत्यूचा धोका इतर गरोदर महिलांच्या सुमारे सहापट निघाला. शिवाय गर्भाला अपाय नको म्हणून सिकलसेलवरचं हायड्रॉक्सीयुरिया हे औषध बंद करावं लागतं आणि हाडांची दुखणी पुन्हा डोकं वर काढू शकतात. बाळ निरोगी निघणार असलं तरी यातलं काही टळत नाही. म्हणून जिला हे मूल नकोच आहे, तिला ‘बाळ तर चांगलं आहे ना’ म्हणणं हे उत्तर नव्हे. १९७१ च्या गर्भपात कायद्यातही आईच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याला गंभीर इजा हे स्वतंत्र कारण आहे.

आता तारखा बघू. समजा, शेवटची पाळी १ जूनला आली. पुढची चुकली २९ जूनला. कायद्याच्या हिशोबात चार आठवडे तिथेच संपले. त्यात ‘अंगात रक्तच कमी, म्हणून लांबली असेल’ असं म्हणत पंधरवडा सहज जातो. गोळ्यांनी गर्भपाताची मुदत नऊ आठवडे, म्हणजे ३ ऑगस्ट. वारेचा अंश घेऊन बाळाची तपासणी होते ती साधारण अकरा आठवडे पूर्ण झाल्यावर, म्हणजे १७ ऑगस्टनंतर. अहवालाची वाट पाहिली की गोळ्यांचा मार्ग बंद. १९ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे २० आठवड्यांपर्यंत, एका डॉक्टरचं मत पुरतं.

नवऱ्याची सही? १८ वर्षांवरच्या सज्ञान बाईला कायद्याने ती लागत नाही. तरी ती मागितली जाते, आणि त्यात आठवडे जातात.

२० ते २४ आठवड्यांसाठी दोन डॉक्टर लागतात आणि २०२१ च्या नियमांतल्या यादीत बसावं लागतं. त्या यादीत दीर्घ आजार असा शब्द नाही. मोठं शारीरिक अपंगत्व आहे, २०१६ च्या दिव्यांग कायद्याच्या निकषांवर. त्या कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे. तेव्हा दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर ते डॉक्टरांपुढे ठेवावं.